पोटरी आवरते म्हणून

चालताना पोटरी शरीराला पुढे ढकलते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही, पण अर्धंच आहे. पाऊल जमिनीवर सपाट टेकलं की टाच उचलेपर्यंतचा बहुतेक वेळ पोटरी ढकलत नसते, आवरत असते. धड पुढे चाललंय, नडगी घोट्यावरून पुढे कलतेय, आणि ती भसकन कलू नये म्हणून पोटरीनं तिला मागून धरून ठेवलंय. उतारावर बैलगाडीला मागून दोर लावून तो हळूहळू सैल सोडणारा माणूस असतो, तसं हे काम. गाडी खाली सुखरूप पोचली की बैलांना चारा मिळतो, दोर धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

✻

थोडा हिशेब. उजवी टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक आवर्तन. नेहमीच्या चालीत त्याला सेकंदभर लागतो, थोडा जास्तच. त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. पोटरी टाच टेकताक्षणी कामाला लागत नाही. तेव्हा नडगीच्या पुढचा स्नायू चवडा अलगद खाली सोडत असतो, नाहीतर प्रत्येक पाऊल फटकन आपटलं असतं. पोटरीचा जोर हळूहळू चढत जातो, आवर्तनाच्या मध्यावर शिगेला पोचतो, टाच उचलली जाते, शेवटचा जोरकस रेटा बसतो आणि पोटरी गप्प होते. पाय हवेत असताना ती जवळजवळ सुट्टीवर. तेव्हा पुन्हा पुढचा स्नायू, चवडा वर धरून. तो थकला की ठेचा लागतात.

✻

पोटरी म्हणून हाताला लागतो तो गॅस्ट्रोक्नीमियस. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मागच्या बाजूनं दोन डोकी, आतलं आणि बाहेरचं. आरशाकडे पाठ करून चवड्यांवर उभं राहून मान वळवून बघा: आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा थोडा मोठा आणि थोडा खालपर्यंत उतरलेला दिसेल. व्यायामशाळेत मिरवतात तो हाच.

त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस. नडगीच्या हाडापासून आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडापासून निघतो, गुडघा ओलांडत नाही. बाहेरून तो फारसा दिसत नाही. घोट्याकडे येताना दोन्ही कडांनी थोडा डोकावतो, इतकंच. पण स्नायूची ताकद त्याच्या फुगवट्यावर नसते, तंतूंचा आडवा छेद घेतला तर किती क्षेत्रफळ भरतं त्यावर असते. त्या मापानं सोलियस अख्ख्या पायात पहिला, मांडीच्या मोठमोठ्या स्नायूंच्याही पुढे. त्याचे तंतू आखूड आहेत, चार-पाच सेंटिमीटरचे, आणि तिरपे दाटीवाटीनं बसवलेले. लांब पल्ल्याचं आकुंचन त्याला जमत नाही. थोड्याशा अंतरात प्रचंड जोर लावणं जमतं. शिवाय त्यातले बहुतेक तंतू सावकाश आकुंचन पावणारे, न थकणारे. चालण्याचा खरा मानकरी तो आहे, असं माझं मत. फोटो मात्र वरच्याचा निघतो.

तिसरा प्लँटारिस. मांसल भाग जेमतेम बोटाएवढा, पण दोरी, म्हणजे कंडरा, दोऱ्यासारखी लांबलचक, थेट टाचेपर्यंत. विच्छेदनाच्या टेबलाशी पहिल्या वर्षाची मुलं हमखास तिला मज्जातंतू समजून हळुवार सोडवत बसतात. काही माणसांत हा स्नायू नसतोच, आणि त्यांचं काही अडत नाही.

✻

गुडघा ओलांडणं आणि न ओलांडणं, यात बरंच काही आहे. गुडघा वाकवला की गॅस्ट्रोक्नीमियस सैल पडतो, सोलियसला फरक पडत नाही. म्हणून भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या तर दोनदा ताणायच्या: एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. जॉगिंग ट्रॅकवर बहुतेक लोक पहिलंच करतात.

उकिडवं बसतानाही तेच. गुडघे पुरते वाकलेले, म्हणजे वरचा स्नायू मोकळा. टाचा जमिनीला टेकतात की नाही ते सोलियस आणि घोटा ठरवतात. भाजीबाजारात पाटीमागे तासन् तास टाचा टेकवून उकिडव्या बसलेल्या बायका बघितल्या की कळतं, हा लवचीकपणा आपल्याकडे शिकवावा लागत नसे. कमोडवर वाढलेल्या पिढीला तो क्लासला जाऊन शिकावा लागतो.

✻

६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची माणसं, निम्म्याहून अधिक आदिवासी असावीत असं बघताना वाटत होतं, वनजमिनीच्या हक्काची मागणी घेऊन. मुंबई सुमारे १८० किलोमीटर. पावलाची लांबी ६० सेंटिमीटर धरली तर तीन लाख पावलं. एकेका पोटरीच्या वाट्याला दीड लाख वेळा आवरणं आणि दीड लाख वेळा रेटणं.

वर्तमानपत्रांनी तळपाय छापले. फोड फुटलेले, सालपटं निघालेली, तुटक्या चपलांमधली पावलं. ते फोटो अजून डोळ्यांपुढे आहेत. पोटरी जखमी झाली तरी फोटोत येत नाही, हा तिचा तोटा.

इगतपुरीनंतर कसारा घाट. चढापेक्षा उतार सोपा, हे दमाच्या बाबतीत खरं, स्नायूंच्या बाबतीत उलटं. उतारावर स्नायू आखडत नाही; जोर लावलेला असतानाच लांबत जातो. त्यात त्याच्या तंतूंची बारीक मोडतोड होते. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. मोठा वाटा मांडीच्या पुढच्या भागाचा, पण पोटरीलाही तिचा हिस्सा मिळतोच. म्हणजे घाटाचं देणं शहापूर-भिवंडीच्या सपाटीवर चुकवायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती. एकदा उतारानं दुखलेला स्नायू पुढच्या उताराला कमी दुखतो, आणि ही सवय काही आठवडे टिकते. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला रोजच चढउतार. नाशिकरोडहून कार्यालयात जाणाऱ्या माझ्यासारखीला त्या घाटानं शहापुरातच बसवलं असतं.

११ मार्चच्या रात्री मंडळी मुंबईत सोमय्या मैदानावर पोचली. सकाळी दहावीचा पेपर होता, मुलांची रहदारीत अडचण होऊ नये म्हणून ती तशीच रात्रीतून उठून आझाद मैदानाकडे चालली. सहा दिवस चाललेल्या पोटऱ्यांना विश्रांतीच्या वेळी पुन्हा उठवणं काय असतं, ते ज्यानं पायात गोळा येऊन रात्री ओरडून उठल्याचा अनुभव घेतलाय त्याला सांगायला नको.

✻

पायात गोळा येतो तेव्हा आजी अंगठा धरून चवडा वर ओढायची. आजही यापेक्षा चांगला तातडीचा उपाय वैद्यकाकडे नाही. आखडून बसलेल्या स्नायूला ताण दिला की त्याचं आखडणं सुटतं. केळं खा, मीठ घ्या वगैरे सल्ले आहेत; घाम गाळणाऱ्याला त्यांचा उपयोग होत असेल. घरात बसून रात्री गोळे येणाऱ्या बहुतेकांना होत नाही.

चरकानं वाताचे ऐंशी विकार मोजलेत, त्यात पोटऱ्या पिळवटून येणं, पिण्डिकोद्वेष्टन, स्वतंत्र नोंदलंय. इतक्या किरकोळ गोष्टीला यादीत जागा देणारा माणूस रोग्यांमध्ये बसणारा असणार.

✻

सुश्रुताची नोंद याहून गंभीर. १०७ मर्मांपैकी एक ‘इंद्रबस्ति’, टाचेच्या रेषेत पोटरीच्या मधोमध. तिथे घाव बसला तर रक्त जाऊन माणूस मरतो, असं तो म्हणतो. नाशिकला गोदाकाठी गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयात मुलं हे मर्म पाठ करतात, आणि आधुनिक शरीररचनेच्या तासाला तीच जागा पुन्हा भेटते: सोलियसच्या खालून तिथेच पायाची मागची मोठी धमनी आणि खोल शिरा जातात. सुश्रुतानं इंद्रबस्तिची गणना मांसमर्मांत केलीय, म्हणजे बोट ठेवलं मांसावर, इशारा दिला रक्ताचा.

✻

याच खोल शिरांवरून पुढचं. सोलियसच्या पोटात शिरांच्या पोकळ्या आहेत, त्यांत रक्त साठतं. स्नायू आवळला की ते वर फेकलं जातं, झडपा ते परत येऊ देत नाहीत. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत दाब असतो सुमारे ९० मिलिमीटर पारा. तोच माणूस चालू लागला की काही पावलांत तो २०-३० पर्यंत उतरतो. डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी. अतिशयोक्ती आहे, पण दोष देण्याजोगी नाही.

✻

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी आहे, शंभराहून अधिक वर्षं. राज्यभरातले फौजदार इथल्या कवायतीतून तयार होतात. कवायतीच्या कुठल्याही मैदानावर, जगात कुठेही, उन्हात सावधान उभा राहिलेला एखादा धट्टाकट्टा तरुण अचानक कोसळतो. बघणारे म्हणतात, उपाशी असेल. बहुधा पोटरी उपाशी असते, कामाला. उभं राहिल्यावर अर्धा लिटर किंवा अधिक रक्त कमरेखाली उतरतं, उन्हानं शिरा आणखी सैलावतात, आणि हुकूम असतो हलायचं नाही. मेंदूला रक्त कमी पडतं. जुने उस्ताद कानात सांगतात, बुटात बोटं हलवत राहा, टाचेवरचा भार किंचित चवड्यावर घे. शिस्तीला न दिसणारी ही बेशिस्त माणसाला उभं ठेवते. पूर्वी शिपाई पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळत त्याचाही एक फायदा हाच असणार. आज शिरा फुगलेल्यांना दवाखान्यात घट्ट मोजे देतात, कल्पना तीच.

✻

पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावतेय. नाशिकरोडहून मुंबई साडेतीन तासांहून जास्त, संध्याकाळी तेवढंच परत. पासधारकांचे डबे म्हणजे फिरता वाडा: वाढदिवस, भजन, पत्ते. पत्त्यांच्या डावात कुणी उठत नाही. मी ओळखीच्यांना सांगते, कल्याण येईपर्यंत पाच-सहा वेळा बसल्या जागी टाचा वर-खाली करा. ऐकतात, हसतात, पान टाकतात.

✻

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडून मजूर उतरतात. मंडपाखाली बायका दिवसभर हात वर करून उभ्या: विरळणी, मग घड औषधात बुडवणं. चालणं कमी, उभं राहणं जास्त. चारदोन पावलं सरकायचं, पुन्हा उभं. घड उंच असेल तर चवड्यांवर चढायचं, तेवढ्यापुरती पोटरी चालते. एका बाईच्या पोटरीवर निळ्या शिरांचं जाळं होतं. मी विचारलं, “दुखतं का?” “रातच्याला ठणकतंय ताई. झोपताना पाय भिंतीला वर लावून ठेवते.” कुणी शिकवलं, तर कुणीच नाही. उंच केलेल्या पायातून रक्त आपसूक उतरतं. पुस्तकात पहिला सल्ला हाच आहे. दुसरा सल्ला दर तासाला दहा मिनिटं चाला, तो देऊन मी गप्प बसले. मजुरी घडांवर मिळते.

✻

हरिहर किल्ला. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, धरायला खोबण्या. पायरीची खोली अशी की चढताना चवडा टेकवायचा आणि टाच हवेत सोडायची. अशा वेळी सगळा भार पोटरीवर. उतरताना तोंड कातळाकडे ठेवून, शिडी उतरावी तसं. तेव्हा पोटरी लांबत-लांबत भार सोडते. वर गेल्यावर लोक दम लागल्याचं बोलतात. खाली निरगुडपाड्याला चहा पिताना ज्यांच्या पायांचा आपोआप थरकाप चाललेला असतो ते मात्र त्याबद्दल बोलत नाहीत. त्या थरथरीला घाबरायचं कारण नाही. थकलेला स्नायू धक्क्याधक्क्यानं जोर लावतो, इतकंच.

त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीत असं काही नाही. वीसेक किलोमीटर, रात्रभर, चिखल, अनवाणी. चिखलात चवडा मागे सरकतो आणि रेटा वाया जातो. म्हणून चिखलातले पाच किलोमीटर रस्त्यावरच्या आठसारखे लागतात.

✻

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चारशे किलोमीटरहून अधिक जाते, सिन्नर, नगरवरून. मुक्कामावर पाय चेपून देणाऱ्यांच्या रांगा असतात. तेल लावून पोटरी वरच्या दिशेला चोळतात, घोट्याकडून गुडघ्याकडे. उलट चोळणारा एखादाच, त्याला शेजारचा म्हातारा दटावतो.

एक इशारा इथेच. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर, तर ती चोळायची नाही. आत खोल शिरेत गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सरळ डॉक्टरकडे.

✻

गॅस्ट्रोक्नीमियस आणि सोलियस, दोन्ही स्नायू खाली एका दोरीत मिळतात. शरीरातली सर्वांत जाड दोरी, सुमारे १५ सेंटिमीटर लांब. तिचे धागे उतरताना पीळ घेतात. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी, आणि तुटते ती बहुतेक तिथेच. चाळिशीतला माणूस, आठवडाभर खुर्ची, रविवारी बॅडमिंटन. शटल घ्यायला झेपावतो आणि मागे वळून विचारतो, “कुणी मारलं रे?” कुणी मारलेलं नसतं. पालथं झोपवून पोटरी हातानं दाबली आणि पाऊल हललं नाही, की निदान झालं. इतकी साधी तपासणी असूनही ‘मुरगळलाय’ म्हणून आठवडे निघून गेलेले रुग्ण येतात, कारण दोरी तुटली तरी माणूस लंगडत चालू शकतो, बाकीचे छोटे स्नायू पाऊल खाली दाबतात.

✻

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य. पंचवीस फेऱ्या. धावताना हीच दोरी शरीराच्या वजनाच्या सहापटीहून अधिक ओढ सोसते आणि दर पावलाला ताणून, सोडून बरीचशी ऊर्जा परत देते. लांब पल्ल्याच्या उत्तम धावपटूंच्या पोटऱ्या बघा, बारीक असतात, आणि मांस असतं ते वर, गुडघ्याजवळ. खाली दोरीच दोरी. पायाच्या टोकाला वजन जितकं कमी, तितका तो झुलवायला स्वस्त. व्यायामशाळेत पोटऱ्या फुगवणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांना आवडत नाही.

✻

पोटरी ढकलते की आवरते, याचा निवाडा तिच्या अनुपस्थितीत लागतो. पोटरीचा स्नायू लुळा पडलेला माणूस रेटा देऊ शकत नाही, हे अपेक्षितच. पण त्याची खरी तक्रार वेगळी असते: गुडघा दगा देतो. नडगीला मागून धरणारं कुणी नसल्यानं ती पुढे कोसळते आणि गुडघा वाकतो. सोलियस गुडघ्याला शिवतसुद्धा नाही, तरी पाऊल जमिनीवर असताना गुडघा सरळ ठेवण्यात त्याचा हात असतो. ताठर पायांच्या मुलांमध्ये टाचेची दोरी शस्त्रक्रियेनं गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली, तर चवड्यावर चालणारं मूल पुढे गुडघे वाकवून, खुरडत चालू लागतं. पहिलं व्यंग परवडलं असं म्हणायची वेळ येते.

✻

नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर म्हाताऱ्यांची पावलं आखूड पडतात. वय झालं, असं आपण म्हणून टाकतो. बारकाईनं बघितलं तर टाच उशिरा आणि कमी उचलली जाते. घोट्याचा रेटा घटलेला असतो आणि त्याची भरपाई कंबरेचे स्नायू पाय पुढे ओढून करतात. एका पायावर उभं राहून, बोटांचा नुसता आधार घेऊन टाच पूर्ण वर, असं पंचवीसदा जमलं तर पोटरी ठणठणीत असं तरुणांबाबत मानतात. सत्तरीच्या माणसाला यातलं निम्मंही पुष्कळ. ओट्याला हात टेकून, दूध तापेपर्यंत करता येतं. एका आजोबांना सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, दूध सून तापवते.” मग चहा तुम्ही करा, म्हटलं.

✻

२०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक साधन मांडलं. पायाला बांधायचा हलका सांगाडा, मागे टाचेच्या दोरीला समांतर एक स्प्रिंग आणि एक क्लच. बॅटरी नाही, मोटर नाही. पाऊल टेकलं की क्लच स्प्रिंगला धरतो, नडगी पुढे कलताना ती ताणली जाते, टाच उचलताना सुटते. बाहेरून काडीची ऊर्जा न देता चालण्याचा खर्च सुमारे ७ टक्के कमी झाला. कारण स्नायूला नुसतं धरून ठेवायलाही इंधन लागतं, स्प्रिंगला लागत नाही. त्यांनी स्प्रिंगचे वेगवेगळे ताठरपणे लावून पाहिले. मध्यम स्प्रिंगला फायदा सर्वांत जास्त. फार कडक लावली तेव्हा तो राहिला नाही.